दहा राग, एक डिस्को ठेका आणि 'प्रथमच'चा मोह

संशोधन प्रस्ताव घेऊन गेलात की गाइड हमखास विचारतात, "यात नवीन काय?" आणि आपण ठोकून देतो, "असं काम प्रथमच होत आहे." या 'प्रथमच'ने एका चांगल्या रेकॉर्डचं काय केलं, ते आज पाहू. पेटची तयारी करताना कामी येईल.

रेकॉर्डचं नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. कलाकार चरणजित सिंग, मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवणारे वादक. एचएमव्हीने ती 1982 मध्ये काढली. खपली नाही, लोक विसरून गेले. 2002 मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत तिची एक प्रत सापडली. पुढे त्यांनी मुंबईत सिंग यांना गाठलं आणि 2010 मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या लेबलवर ती पुन्हा प्रकाशित केली.

ऐकणारे चक्रावले, कारण ही रेकॉर्ड थेट अ‍ॅसिड हाउससारखी वाजते. शिकागोतून आलेल्या या नृत्यसंगीताची सुरुवात साधारणपणे 'फ्यूचर' या गटाच्या 1987 च्या 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'पासून धरतात. म्हणजे मुंबईत पाच वर्षं आधीच? काहींना तर ही कुणीतरी आत्ता केलेली थट्टा वाटली. ती अस्सल आहे हे पटल्यावर गाडी दुसऱ्या टोकाला गेली: अ‍ॅसिड हाउसचा शोध भारतात लागला!

इथे थांबा. साम्य दिसलं की आधी कारण शोधायचं, नातं नंतर जोडायचं.

पहिलं कारण यंत्र. दोन्हीकडे रोलँड कंपनीचं टीबी-303 आहे. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून ते बनवलं होतं. ते फारसं चाललं नाही आणि 1984 मध्ये बंद झालं. शिकागोच्या पोरांना ते सेकंडहँड, स्वस्तात मिळालं. सिंग यांनी ते नवं असतानाच वापरलं, सोबत टीआर-808 हे तालयंत्र आणि ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर. 303 मध्ये सोळा पायऱ्यांपर्यंतची स्वरावली भरली की ती फिरत राहते, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरता येतं. मींडेची गरीब चुलत बहीणच म्हणा.

दुसरं कारण राग. पाश्चात्त्य धाटणीच्या गाण्यात कॉर्ड बदलतात, तसा बेस हलतो. रागात षड्ज पक्का, कॉर्ड नाहीतच. त्यामुळे बेस तानपुऱ्यासारखा एका जागी घोटाळत राहतो. शिकागोवाल्यांनीही कॉर्ड बाजूला ठेवून एकच स्वरावली फिरवली, पण ती नाचणाऱ्यांसाठी. वाटा वेगळ्या, मुक्काम एक.

पारनेर-कर्जतकडच्या बांधांवरचं निवडुंग आठवा. फड्या निवडुंग अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस. त्रिधारी निवडुंग एरंडाच्या कुळातलं, मोडलं की पांढरा चीक येतो. दोन्ही मांसल, दोन्ही काटेरी, कारण दोघांनाही पाण्याचा दुष्काळ सोसायचा होता. मराठीत नाव एक, वंश दोन. यालाच अभिसारी उत्क्रांती म्हणतात. सिंग यांची रेकॉर्ड शिकागोपर्यंत पोचल्याचा पुरावा नाही. तेव्हा 'शोध' हा शब्द इथे बसत नाही.

आता चीक येतो का ते बघू. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'मध्ये 303 च नायक आहे. बटणं फिरवून आवाजाचा पोत बदलत नेणं, हेच तिथलं संगीत. सिंग यांच्याकडे 303 साथीदार आहे. नायक आहे वरून वाजणारी रागाची चाल. अ‍ॅसिड हाउस म्हणून ऐकलंत तर कान बेसवर खिळतात आणि राग निसटतो.

मालकंस ऐका. पाच स्वरांचा, रे-प वर्ज्य, उत्तररात्री संथ उलगडणारा हा राग इथे चक्क पळत येतो, तरी ओळखू येतो. ललितात पंचम नाही, दोन्ही मध्यम आहेत. यंत्राच्या थंड आवाजातही ती हुरहुर टिकते. ही या रेकॉर्डची खरी कमाई. उणीवही तिथेच आहे. प्रत्येक राग साधारण पाच मिनिटांचा, ठेका तोच. यमनची संध्याकाळ आणि मेघ मल्हारचा पाऊस एकाच चालीने चालतात. आंदोलनं आणि श्रुतींचं बारीक काम कीबोर्डवर हरवतं. प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर सिंग यांनी ठेका स्थिर ठेवला आणि फक्त राग बदलला. प्रयोग म्हणून हे अगदी स्वच्छ आहे, पण मैफल म्हणून सहाव्या रागापाशी कान थकतात.

तुम्ही म्हणाल, मेंडेलचंही असंच नाही का झालं? 1866 चा निबंध, 1900 मध्ये पुनर्शोध. फरक आहे. मेंडेलला पुन्हा शोधणारे त्याचाच आनुवंशिकतेचा प्रश्न सोडवत होते. सिंग यांचा प्रश्न वेगळा होता: सिनेमात सगळीकडे डिस्को चालू आहे, तर तबला बाजूला ठेवून त्या ठेक्यावर राग वाजवले तर? सत्तरीत त्यांचं कौतुक झालं, युरोपात कार्यक्रम झाले, 2015 मध्ये मुंबईत ते गेले. पण बहुतेक कौतुक त्यांनी न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराचं होतं.

एक काम करा. सिंग यांचा मालकंस आणि 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' लागोपाठ ऐका आणि वहीत दोन रकाने आखा: साम्य कशात, आणि ते कशामुळे. दुसरा रकाना भरेपर्यंत 'प्रथमच' लिहू नका.