लाल बावटा कलापथक : सामूहिक शाहिरीच्या मूल्यमापनाचा प्रश्न

प्रस्तावना :

मराठी शाहिरीचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा व्यक्तीपासून सुरू होते आणि व्यक्तीपाशीच थांबते. अण्णा भाऊ साठे यांच्या कथा-कादंबऱ्यांवर विपुल लेखन झाले आहे. बार्शीचे सुपुत्र म्हणून शाहीर अमर शेख यांचे स्मरण सोलापूर जिल्ह्यात अभिमानाने केले जाते. शाहीर द. ना. गव्हाणकर यांचा उल्लेख मात्र बहुतेक वेळा या दोघांच्या ओघातच येतो. या तिघांनी १९४४ मध्ये उभारलेल्या लाल बावटा कलापथकाचे मूल्यमापन एक कलासमूह म्हणून व्हावे, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे.

विवेचन :

वाटेगावचे अण्णा भाऊ (जन्म १९२०) आणि बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल ऊर्फ अमर शेख (जन्म १९१६) हे दोघेही कष्टकऱ्यांचे जीवन प्रत्यक्ष जगलेले कलावंत होते. त्यामुळे कामगारवस्तीतील श्रोता त्यांना परका नव्हता. या श्रोत्याला ओळखीचा असलेला तमाशाचा घाट त्यांनी स्वीकारला, पण तो जसाच्या तसा ठेवला नाही. अण्णा भाऊंनी गणातील गणेशवंदनेच्या जागी मातृभूमीला व श्रमिकांना वंदन आणले, गौळण वगळली आणि वगाला वर्तमानातील प्रश्नांचे कथानक दिले. स्वातंत्र्योत्तर काळात सरकारी बंदीशी सामना करताना याच प्रयोगांना ‘लोकनाट्य’ हे नाव मिळाले. म्हणजे आज आपण वाङ्मयप्रकार म्हणून शिकवितो ती संज्ञा रूढ होण्यामागे अभ्यासकांच्या वर्गीकरणापेक्षा प्रयोग चालू ठेवण्याची निकड अधिक होती.

या कलापथकाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. प्रचाराच्या गरजेपोटी सावकार, मालक, पुढारी ही पात्रे अनेकदा ठोकळेबाज होतात. तात्कालिक घटनेवरील रचना प्रसंग सरल्यावर निस्तेज वाटतात. परंतु ‘माझी मैना’ या छक्कडीला हा आक्षेप लागू होत नाही. गावी राहिलेल्या पत्नीच्या विरहाने व्याकूळ झालेल्या कामगाराचे दुःख तेथे संयुक्त महाराष्ट्राला पारख्या झालेल्या सीमाभागाच्या दुःखाशी एकरूप होते. राजकीय आशय खाजगी वेदनेतून उमलतो, म्हणूनच ती रचना आंदोलनानंतरही टिकली. शब्द अण्णा भाऊंचे असले, तरी ती महाराष्ट्रभर पोहोचण्यात अमर शेख यांच्या पहाडी आवाजाचा वाटा मोठा आहे. अशा वेळी या कलाकृतीचा कर्ता नेमका कोण, हा प्रश्न समीक्षेला टाळता येणार नाही.

अडचण साधनांची आहे. पाश्चात्त्य रॉक वाद्यवृंदांची वाटचाल त्यांच्या ध्वनिमुद्रिकांच्या क्रमाने मांडता येते. कलापथकाचे खरे आयुष्य मात्र मैदानावर, चाळींच्या पटांगणात आणि मोर्चांत गेले. छापील संहिता हाती उरली. तान, डफाचा ठेका, श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून केलेले बदल हे सारे विरून गेले. परिणामी लिहिणारा अभ्यासक्रमात आला आणि गाणारा जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांपुरता उरला. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले. त्यानंतर अवघ्या बेचाळीस दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख यांचे अपघाती निधन झाले. समूहाची गोष्ट एकत्र सांगू शकणारे दोन प्रमुख साक्षीदार असे पाठोपाठ हरपले.

समारोप :

सारांश, लाल बावटा कलापथक ही तीन प्रतिभावंतांची केवळ बेरीज नव्हती. लेखन, गायन आणि श्रोता यांच्या संयोगातून सिद्ध झालेली ती स्वतंत्र कलानिर्मिती होती. तिला केवळ संहितेचे निकष लावणे अपुरे आहे. सोलापूर व बार्शी ही गिरणगावे होती. येथील वृद्ध कामगारांच्या आठवणीत त्या गायनाचे जे अवशेष असतील, ते नोंदविण्याचे काम मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र विभागांनी मिळून हाती घेतले पाहिजे. हे काम लांबणीवर टाकण्याइतका अवधी आता उरलेला नाही.