होमरचा विस्तव

ग्रीक महाकाव्यांतील यज्ञ आणि अग्नि हा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित वाचकाचें मन प्रथम ऋग्वेदाकडे धांव घेतें, आणि तें स्वाभाविकहि आहे. ज्या ग्रंथाचा आरंभच अग्नीच्या स्तुतीनें होतो, तो ज्यांच्या घरीं पूज्य, त्यांस 'इलियड'मधील वेदी, धूर, चरबीनें वेष्टिलेलीं हाडें आणि मद्याची धार पाहून घरचेंच कोणी भेटल्यासारखें वाटावें यांत नवल नाहीं. पशुयागांतील वपाहोम ज्याला ठाऊक आहे तो तर होमरच्या पहिल्या सर्गांत थबकतोच. परंतु आमच्या मतें ही ओळख जितकी सुखद तितकीच फसवी आहे, आणि तिच्यामुळें या काव्यांतील अग्नीचें खरें काम नजरेआड होतें. आपला अग्नि होता आहे, दूत आहे, देवांचें मुख आहे. होमरच्या अग्नीस यांपैकीं एकहि अधिकार नाहीं. त्याच्या मुखानें देव जेवीत नाहींत. चरबीचा वास धुराबरोबर वळसे घेत वर जातो आणि तेवढाच त्यांना पोहोंचतो. शब्दांतहि नातें नाहीं. 'अग्नि' या शब्दाची बहीण लॅटिनमध्यें 'इग्निस' म्हणून सांपडते. ग्रीक मात्र विस्तवाला 'प्यूर' म्हणतो.

मग होमरचा अग्नि करतो तरी काय? आमचें उत्तर थोडक्यांत असें कीं तो वाटे पाडतो. क्रूसेच्या किनाऱ्यावर झालेला पहिल्या सर्गांतील यज्ञ पाहावा. हात धुऊन जवाचे दाणे उधळले जातात. पशूंचीं मुंडकीं मागें ओढून वध होतो. मांड्यांचीं हाडें काढून चरबीच्या दुहेरी घडींत गुंडाळलीं जातात. त्यांवर मांसाचे कच्चे तुकडे ठेवून वृद्ध पुजारी तीं फोडलेल्या लांकडांवर जाळतो आणि मद्य शिंपतो. तरुण मंडळी पांच दांत्यांचे कांटे घेऊन शेजारीं उभी असतात. देवांचा वाटा जळाला आणि काळीज-आंतडीं चाखून झालीं, कीं उरलेलें मांस सळयांवर भाजून सर्वांना दिलें जातें. आणि समान वांटणीबद्दल कोणाच्याहि मनांत उणें राहिलें नाहीं, हें कवि न चुकतां सांगतो. दुसऱ्या सर्गांत हेंच वर्णन जवळजवळ अक्षरशः पुन्हा येतें. घाईचा वाचक अशा ठिकाणीं पानें उलटतो. मिल्मन पॅरी यांनीं १९२८ च्या आपल्या प्रबंधांपासून होमरच्या ठरीव पदसमूहांचा जो अभ्यास आरंभिला, त्यामुळें ही पुनरुक्ति कशी घडते तें आपणांस कळलें. ती कशासाठीं, हें मात्र काव्यांतच शोधावें लागतें. जी गोष्ट नेहमीं त्याच शब्दांत सांगितली जाते तिच्यांतला एक शब्द जरी गळला तरी श्रोत्याचे कान टवकारतात. होमरला हें पक्कें ठाऊक होतें, असें आम्हांस वाटतें.

देवांना हाडें आणि माणसांना मांस अशी उफराटी वांटणी कां, याची कथा होमर सांगत नाहीं; ती हेसिअडच्या 'थिऑगनी'त आहे. मेकोनी येथें देव व मानव यांच्यांतील निवाडा चालला असतां प्रॉमिथियसनें बैलाचे दोन भाग मांडले. एकांत मांस, पण वर पोटाची ओंगळ पिशवी; दुसऱ्यांत नुसतीं हाडें, पण वर लखलखीत चरबी. झ्यूसनें दुसरा उचलला आणि रागानें माणसांचा विस्तव बंद केला. प्रॉमिथियसनें तो पोकळ देंठांत लपवून चोरून आणला. पुराणिकाची करमणूक म्हणून ही कथा सोडून देतां येत नाहीं. पिलॉस येथील ज्या राजवाड्याचें उत्खनन कार्ल ब्लेगेन यांनीं १९३९ त सुरू केलें, तेथें सांपडलेल्या गुरांच्या हाडांचा अभ्यास २००२ त प्रसिद्ध झाला. मांस सोलून काढून मग मुद्दाम जाळलेलीं अशीं निवडक हाडें तेथें निघालीं, आणि त्यांत मांडीचीं हाडेंहि होतीं. तो राजवाडा जळाला तो होमरच्या निदान चार शतकें आधीं.

वाट्याचा हा अर्थ मोठमोठ्या भाष्यांपेक्षां आपल्या भाषेंत अधिक चटकन् उमगतो. दोन घरांत वैर असलें कीं आपण 'त्यांच्यांत विस्तवहि जात नाहीं' असें म्हणतों. आज हा नुसता वाक्प्रचार उरला आहे. परंतु सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील आमच्या कुंभारीसारख्या गावांत, घरोघर गॅस येण्यापूर्वीं, चूल विझली तर शेजारून निखारा आणीत आणि रात्रीं विस्तव राखेंत पुरून ठेवीत. ज्या घरीं निखारा मागतां येत नाहीं तें घर शेजार नव्हे, मग त्याची भिंत आपल्या भिंतीला लागून कां असेना. पौष-माघांत शेतावर हुरड्याची आगटी पेटते, तेव्हां तिच्याभोवतीं कोण बसलें आणि कोणाला बोलावणें गेलें नाहीं यावरून गावचें सारें राजकारण वाचतां येतें, असें म्हटलें तर आमचे गावकरी रागावणार नाहींत.

'ओडिसी'च्या पांचव्या सर्गाच्या शेवटीं समुद्रानें किनाऱ्यावर फेंकलेला, उघडानागडा, थकलेला ओडिसियस पाचोळ्याच्या ढिगांत शिरून झोंपतो. तेथें कवि एका शेतकऱ्याचें चित्र काढतो. हा मनुष्य रानांतल्या शेवटच्या वस्तीवर राहतो. त्याला शेजार नाहीं. म्हणून दुसरीकडून विस्तव आणण्याची पाळी येऊं नये यासाठीं तो जळतें लांकूड काळ्या राखेखालीं झांकून विस्तवाचें बीं राखतो. ओडिसियस हा तो निखारा. टीपांच्या साहाय्यानें वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ही उपमा सुंदर वाटते. चुलीजवळ आयुष्य काढलेल्या आजीबाईला ती समजावूनच सांगावी लागत नाहीं. याच काव्याच्या बाराव्या सर्गांत उपाशी खलाशी सूर्याचीं गुरें मारतात. जव नाहींत म्हणून ओकचीं पानें, मद्य नाहीं म्हणून पाणी. विधीचा सांगाडा सगळा पाळलेला. पण जो पशु त्यांचा नव्हताच त्याचे वाटे त्यांनीं पाडले. सळयांवरचें मांस हंबरूं लागतें आणि सोललेलीं कातडीं सरपटूं लागतात.

आतां 'इलियड'कडे वळूं, कारण खरा कस तेथें लागतो. या काव्यांत पहिल्याप्रथम ऐकूं येते ती क्रूसीसची प्रार्थना, आणि तींत तो अपोलोला पूर्वीं जाळलेल्या मांड्यांची आठवण देतो. थोड्याच ओळींनीं, त्या प्रार्थनेचें फळ म्हणून, ग्रीकांच्या चिता अखंड जळूं लागतात. वेदीचा अग्नि आणि चितेचा अग्नि असे आरंभींच समोरासमोर येतात. पहिला वाटे पाडतो, दुसरा सगळेंच खातो. भांडणाचें मूळहि वाट्यांतच आहे: एकदां दिलेला मानाचा वाटा अगामेम्नॉन अकिलीसकडून परत घेतो. तो वाटा म्हणजे एक बंदिवान स्त्री होती, हें वीररसाच्या भरांत आपण सहसा विसरतों. त्या दिवसापासून या दोघांत, आपल्या भाषेंत बोलायचें तर, विस्तव जात नाहीं.

सेड्रिक व्हिटमन यांनीं १९५८ च्या 'होमर अँड द हिरोइक ट्रॅडिशन' या ग्रंथांत अग्नीवर विस्तारानें लिहिलें आहे. काव्यभर विखुरलेल्या ज्वाला एका सूत्रांत ओवण्याचें श्रेय त्यांना दिलेंच पाहिजे. परंतु त्यांच्या निरूपणांत अग्नि हा अखेर अकिलीसच्या वीरवृत्तीचें रूप ठरतो, आणि एकदां असें ठरलें म्हणजे तो एका माणसाच्या अंतःकरणांत कोंडला जातो. अठराव्या सर्गांतला प्रसिद्ध प्रसंग घ्या. पॅट्रोक्लस पडला आहे, शस्त्रें गेलीं आहेत, आणि अकिलीस निःशस्त्र असा खंदकाच्या कांठीं उभा राहतो. अथीना त्याच्या मस्तकावर ज्वाला पेटविते. व्हिटमन यांच्या मताला याहून मोठा आधार कोणता? पण कवीनें उपमा कोणती दिली ती पाहा. बेटावरील एक नगर शत्रूंनीं वेढलें आहे. दिवसभर तेथून धूर निघतो, आणि सूर्य मावळतांच ओळीनें जाळ पेटतात, ते अशासाठीं कीं शेजाऱ्यांनीं पाहावे आणि गलबतें घेऊन मदतीस धांवावें. म्हणजे वीराच्या अत्यंत एकाकी क्षणीं कवीला आठवली ती शेजाऱ्याला हांक घालणारी आग. अकिलीसपाशीं मात्र निखारा मागावा असें घर उरलेलें नाहीं. होतें तें एकच, आणि त्याचें प्रेत पलीकडे पडलें आहे. पुढच्याच सर्गांत तो अन्न घेण्याचें नाकारतो. सैन्य जेवतें, अथीनेला गुपचूप त्याच्या छातींत अमृत ओतावें लागतें.

तेविसाव्या सर्गांतील पॅट्रोक्लसची चिता ही या दृष्टीनें साऱ्या काव्याचा गाभा आहे. अकिलीस मेंढ्या आणि बैल मारतो, आणि त्यांची चरबी काढून मित्राच्या प्रेताला आपादमस्तक गुंडाळतो. ही तीच चरबी, जी वेदीवर देवांच्या हाडांभोवतीं असते. पुढें चिता विझल्यावर पॅट्रोक्लसचीं हाडें सुवर्णपात्रांत ठेवतांनाहि ती दुहेरीच घातली जाते. पशूंचीं धुडें चितेभोवतीं रचलीं जातात. मधाचे व तेलाचे रांजण, चार घोडे, नऊ कुत्र्यांपैकीं दोन, आणि शेवटीं ट्रॉयचे बारा तरुण. यज्ञाचें सारें साहित्य आहे. नाहीं तो फक्त वाटा. या बळींतून देवांना कांहीं जात नाहीं, माणसांना कांहीं उरत नाहीं. ज्या सरावानें श्रोत्यानें वांटणीच्या ओळीची वाट पाहावी, त्या जागीं नुसती ज्वाला. आणि ती ज्वालाहि धरत नाहीं! चिता पेटत नाहीं, तेव्हां अकिलीस वायूंना नवस बोलतो. आयरिस निरोप घेऊन जाते, तर वायु आपसांत मेजवानीला बसलेले. ते येतात आणि रात्रभर फुंकर घालतात. चिता न पेटण्याचें कारण कवि देत नाहीं. मात्र त्या बारा जणांच्या वधाजवळ त्यानें स्वतःच्या तोंडानें अकिलीसच्या मनांतलें तें कृत्य वाईट म्हणून नोंदलें आहे. आणि आपलें मत असें उघड बोलणें होमरच्या स्वभावांत फारसें नाहीं.

आम्हांस याहून अधिक बोचते ती दुसरीच गोष्ट. रणांगणावर भाल्यानें पडणाऱ्या किरकोळ शिपायाचेंहि नांव, बापाचें नांव, गांव, कधीं घरची आंब्यासारखी जपलेली आठवण सांगणारा हा कवि त्या बारा तरुणांपैकीं एकाचेंहि नांव सांगत नाहीं. अठराव्या सर्गांत त्यांचा नवस बोलला जातो, एकविसाव्यांत ते नदींतून ओढून काढून बांधले जातात, तेविसाव्यांत जळतात. तिन्ही ठिकाणीं ते केवळ बारा आहेत. ही काय कवीची विसर? आम्हांस तसें वाटत नाहीं. जो अग्नि वाटे पाडीत नाहीं त्यांत माणूस हें सरपण होतें, आणि सरपणाला नांव नसतें. इरावती कर्वे यांनीं १९६७ च्या 'युगान्त'मध्यें खांडववन जाळण्याच्या प्रसंगाकडे जळणाऱ्यांच्या बाजूनें पाहिलें, तेव्हां कित्येकांना तें धाडस वाटलें. होमरजवळ तें पाहणें काव्याच्या रचनेंतच आहे.

नरबळीची जागा दुसऱ्या वस्तूनें घ्यावी, ही कल्पना ग्रीकांनाहि सुचली होती. 'सायप्रिया' हें महाकाव्य आज लुप्त आहे, पण त्याचा सारांश उरला आहे. त्यांत अगामेम्नॉन आपली कन्या इफिजिनिया वेदीवर नेतो आणि देवी तिला उचलून तेथें हरिणी ठेवते. होमर या कथेचा उच्चारहि करीत नाहीं. हरिणी आली कीं मुलगी सुटली, आणि ऐकणाराहि सुटला. सोलापूरकरांना याहून निराळी एक तऱ्हा ठाऊक आहे. बाराव्या शतकांतील सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेंत अक्षता पडतात त्या योगदंड आणि कुंभारकन्या यांच्या विवाहाच्या. योग्याशीं लग्न करूं इच्छिणाऱ्या त्या मुलीला योगदंडाशीं विवाह करण्याची अनुज्ञा मिळाली आणि मग तिनें अग्नींत प्रवेश केला, अशी कथा आहे. त्याची आठवण म्हणून होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून, सौभाग्यालंकार घालून ती होमांत दिली जाते. (आमच्या गावच्या नांवावरून कोणी या कन्येशीं आमचा संबंध जोडूं पाहील, नांवाच्या साम्यानें इतिहास सिद्ध होत नसतो.) यावर आपल्या घरांतून सहसा 'हें सारें प्रतीकात्मक आहे' एवढें बोलून विषय मिटतो. प्रतीक हा शब्द फार सोयीचा आहे. तो उच्चारला कीं जळणाऱ्याकडे पाहावें लागत नाहीं. पण विधि तसा नाहीं. पेंढी ही नुसती पेंढी वाटूं नये म्हणूनच तिला नटविलें जातें. जमलेल्या हजारोंपैकीं प्रत्येकाला ठाऊक असतें कीं जळते आहे ती कोण. हरिणी विसरायला मदत करते. पेंढी विसरूं देत नाहीं. आणि होमर? तो बदली वस्तु ठेवीतच नाहीं, माणसेंच जाळतो, आणि आपणांस तें पाहायला लावतो. या तिहींपैकीं कोणती तऱ्हा अधिक निर्दय, याचा निर्णय वाचकांनीं आपल्या घरीं करावा; आमच्या घरीं त्यावर एकमत झालेलें नाहीं.

अखेरच्या सर्गांत म्हातारा प्रायम मुलाचें प्रेत मागायला रात्रीं अकिलीसच्या तंबूंत येतो. दोघेहि रडतात, मग अकिलीस उठून पांढरी मेंढी मारतो. सोलणें, तुकडे करणें, सळयांवर भाजणें, सर्व कांहीं ठरलेल्या शब्दांत. ऑटोमेडॉन भाकरी वाढतो, अकिलीस मांस वाढतो. नवव्या सर्गांत अशाच पाहुणचाराच्या वेळीं त्यानें पॅट्रोक्लसला देवांचा वाटा अग्नींत टाकायला सांगितलें होतें. येथें ती ओळ नाहीं. ज्यानें ठरीव वर्णनें कान देऊन ऐकलीं आहेत त्यालाच ही उणीव ऐकूं येते. देवांचा भाग या रात्रीं कोणी काढीत नाहीं. विस्तवावर जें भाजलें तें दोन शत्रूंनीं आपसांत वांटून खाल्लें. काव्यभर जो माणूस वाटा परत घेतला म्हणून जळत होता, त्याच्या हातून वाढलेला हा शेवटचा वाटा आहे, आणि तो ज्याला मिळाला त्याचा मुलगा त्यानेंच मारला आहे.

त्यानंतर ट्रॉयमध्यें नऊ दिवस लांकडें गोळा होतात. दहाव्या दिवशीं हेक्टरची चिता पेटते. ती पेटायला नवस लागत नाहीं, वायूंना बोलवावें लागत नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे लोक जमून मद्य शिंपून ती विझवितात, भाऊ आणि सोबती रडत रडत पांढरीं हाडें वेंचतात, वर दगडांची रास रचतात आणि प्रायमच्या वाड्यांत सर्वजण जेवायला बसतात. करार अकरा दिवसांचाच होता. बाराव्या दिवशीं काय झालें तें काव्य सांगत नाहीं.