‘वॉल्डन’च्या रानात कोण राहत होते?

थोरोचे ‘वॉल्डन’ (१८५४) मी वर्गात शिकवतो. साधेपणाचा आदर्श म्हणून आपल्याकडे त्याची थोरवी सांगितली जाते. ४ जुलै १८४५ला थोरो काँकॉर्डजवळच्या रानात राहायला गेला. जमीन मित्र इमर्सनची. घराचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. पण फळ्या कुठल्या? जेम्स कॉलिन्स या आयरिश रेल्वेमजुराचे खोपट त्याने सव्वाचार डॉलरला घेऊन मोडले. सकाळी सहाला ते कुटुंब गाठोड्यात संसार बांधून रस्त्याला लागले होते. इथे माझा आवाज अडतो. आमचाही संसार गाठोड्यात मावत असे.

त्याच रानात पूर्वी केटो, झिल्फा, ब्रिस्टर फ्रीमन हे गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय राहत. गावाला नकोशी नापीक जमीन तेवढी त्यांच्या वाट्याला आली. आपल्या भाषेत, गावकुसाबाहेर. थोरोने त्यांची नावे नोंदवली. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारचा कर नाकारून १८४६मध्ये एक रात्र तुरुंगात काढली. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. तरी सव्वादोन वर्षांनी तो गावात परतला. गावाची दारे त्याला उघडी होती.

निवडता येतो तेव्हाच साधेपणा मूल्य ठरतो. लादला की ते दारिद्र्यच. म्हणून विद्यार्थ्यांना मी आधी विचारतो: रानात कोण गेले, आणि कोणाला घालवले?