सोन्याचं कार्ड आणि चुकीच्या प्रश्नाचं अचूक उत्तर



गेल्या डिसेंबरात माझे मामा न्यू जर्सीहून पुण्याला आले, ते बॅगेत एक कार्ड घेऊन. बास्केटबॉलवाल्या मायकल जॉर्डनचं, उठावाचं चित्र, सगळं सोनेरी. खाली लिहिलेलं: 23 कॅरेट सोनं, 10,000 पैकी अमुक क्रमांक. सोबत कंपनीचंच प्रमाणपत्र. 1990 च्या दशकात, तिकडे नवीन असताना, मामांनी अशी बारा कार्डं टपालाने हप्त्याहप्त्याने मागवली होती. आता मामेबहिणीचं कॉलेज सुरू होतंय आणि मामांच्या फीच्या हिशेबात या बारा कार्डांचा एक वेगळा रकाना आहे. म्हणाले, "तू मटेरियल्समध्ये पीएचडी करतेस ना? मग सांग, याची खरी किंमत काय?"

मी आधी तेच केलं जे आपण सगळे करतो. हाताशी जे यंत्र होतं त्याखाली वस्तू ठेवली. आमच्या विभागातल्या एक्सआरएफने आकडा दिला: सोनं 95.6 टक्के. 23 भागिले 24 म्हणजे 95.8 टक्के. मामा खूश. मीही दोन मिनिटं खूश होते, हे कबूल करते.

मग कार्ड हातात घेतलं आणि खटकलं. फारच हलकं होतं. अमेरिकेतल्या या कार्डांचं ठरलेलं माप 63.5 गुणिले 88.9 मिलिमीटर. व्हर्नियरने जाडी भरली 1.5 मिलिमीटर, म्हणजे घनफळ साधारण साडेआठ घन सेंटिमीटर. तराजूवर वजन 10.2 ग्रॅम. घनता 1.2. सोन्याची घनता 19.3. आख्खं कार्ड सोन्याचं असतं तर ते दीडशे ग्रॅमच्या वर भरलं असतं. 1.2 ही घनता प्लास्टिकची आहे.

मग यंत्र खोटं बोललं का? नाही. एक्सआरएफला कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन ही हलकी मूलद्रव्यं दिसतच नाहीत. जी दिसतात त्यांची बेरीज ते 100 टक्के धरतं. प्लास्टिकचा गाभा त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे वरच्या पापुद्र्याची शुद्धता त्याने बरोबर सांगितली. कॅरेट हे गुणोत्तर आहे. ते "किती शुद्ध" सांगतं, "किती" सांगत नाही. सराफाकडे आपण 916 चा शिक्का बघतो आणि लगेच वजनही विचारतो, कारण एकट्या शिक्क्याने भाव निघत नाही. कार्ड विकणाऱ्यांनी पहिला आकडा ठळक छापला आणि दुसऱ्याबद्दल मौन पाळलं. यात खोटं काही नाही आणि त्यामुळेच ते पकडायला अवघड जातं.

सोनं मग किती असेल? सोन्याचा वर्ख साधारण 0.1 मायक्रॉन जाड असतो. थर तेवढा धरू. दोन्ही बाजू मिळून क्षेत्रफळ सुमारे 113 चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की येतात 22 मिलिग्रॅम. हिशेबाच्या सोयीसाठी ग्रॅमला 10,000 रुपये धरले तरी 220 रुपये. थर पाचपट जाड निघाला तरी हजार-अकराशे. काजूकतलीवर चांदीचा वर्ख असतो म्हणून तिचा भाव चांदीच्या दराने लावत नाहीत, इथेही तसंच.

इथपर्यंतचं काम बारावीच्या भौतिकशास्त्राचं आहे. माझी खरी तक्रार पुढे आहे. अशा कार्डांचं मोल सांगताना सर्रास एक बेरीज वापरली जाते: मौल्यवान धातू, अधिक मोठा खेळाडू, अधिक मर्यादित संख्या. तिन्ही गोष्टी चांगल्या, म्हणून बेरीजही चांगली. या बेरजेत धरलेलं आहे की ही तीन पदं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. तशी ती नाहीत.

उलटं उदाहरण बघा. 1952 साली टॉप्स कंपनीने काढलेलं बेसबॉलपटू मिकी मँटलचं कार्ड साध्या पुठ्ठ्याचं आहे. ऑगस्ट 2022 मध्ये त्याची एक उत्तम स्थितीतली प्रत 1 कोटी 26 लाख डॉलरला विकली गेली. त्या मालिकेतली कार्डं हंगामाच्या शेवटी आली, पडून राहिली, आणि 1960 मध्ये उरलेली खोकी समुद्रात बुडवली, असं टॉप्सचे साय बर्गर पुढे सांगत. जी मुलांच्या हातात गेली ती खिशात चुरगळली, सायकलच्या तारांत अडकवली गेली, घर आवरताना केरात गेली. कोपरे शाबूत असलेली थोडी वाचली.

आता मामांचं कार्ड. "23 कॅरेट सोनं" लिहिलेली वस्तू कोण केरात टाकेल? कुठलं पोर ती सायकलला लावेल? घेणाऱ्या प्रत्येकाने ते डबीत, प्रमाणपत्रासकट, कपाटात ठेवलं. म्हणजे 10,000 काढली असतील तर आज जवळपास 10,000 शिल्लक असणार. पुठ्ठ्याचं कार्ड दुर्मीळ झालं कारण कोणी त्याला किंमत दिली नाही. सोन्याचं झालं नाही, कारण पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी दिली. धातूचं पद इथे दुर्मिळतेच्या पदातून वजा होतंय. छापलेली संख्या आणि शिल्लक संख्या या दोन वेगळ्या राशी आहेत, आणि किंमत दुसरीवर चालते. तुमच्या सर्वेक्षणात किती फॉर्म वाटले आणि किती परत आले यात जो फरक असतो, तोच.

यावर आक्षेप येईल की धातूने कधीच फरक पडत नाही का? पडतो. 1990 च्या दशकात हायलँड मिंटने टॉप्सच्या कार्डांच्या धातूतल्या प्रतिकृती काढल्या, ब्राँझमध्ये आणि चांदीतही. चांदीचं एकेक कार्ड सव्वाचार औंसाचं, ट्रॉय औंस धरला तर सुमारे 132 ग्रॅम. तिथे बाजार पडला तरी वितळवण्याचा भाव हातात राहतो. मला आधी वाटलं, वा, एकच खेळाडू, एकच चित्र, दोन धातू, हा तर आयता प्रयोग! दोघांच्या किमतीतला फरक म्हणजे धातूचा परिणाम. पण चांदीच्या प्रती ब्राँझपेक्षा कमी काढल्या होत्या. धातू आणि संख्या एकत्रच बदलतात, त्यामुळे फरक कोणाच्या खात्यावर टाकायचा ते एवढ्या माहितीवरून ठरत नाही. निदान चांदीचा वितळभाव आधी वजा करा, मग उरलेल्यावर बोला.

ग्रेडिंगचंही थोडक्यात. कोपरे, कडा, पृष्ठभाग बघून 10 पैकी गुण देण्याची पद्धत पुठ्ठ्यासाठी घडली. पुठ्ठा झिजतो म्हणून गुण पसरतात. डबीतून कधी बाहेरच न आलेल्या सोनेरी कार्डांना बहुतेक वेळा वरचेच गुण पडणार. सगळा वर्ग 98 मार्कांनी पास झाला तर त्या मार्कांवरून निवड कशी करायची? आणि संग्राहक ज्याला खेळाडूचं पहिलं कार्ड मानतात ते पाकिटातून आलेल्या मुख्य संचातलं असतं. जॉर्डनचं तसं कार्ड 1986 चं, फ्लीअर कंपनीचं, पुठ्ठ्याचंच. जानेवारी 2021 मध्ये त्याची 10 गुणांची प्रत 7,38,000 डॉलरला गेली आणि त्याच वर्षात तशाच प्रतीचा भाव निम्म्याच्याही खाली आला. म्हणजे ज्याला खरी मागणी आहे त्याचाही एक आकडा पकडून बसता येत नाही.

मामांनी मात्र एकच आकडा पकडला होता. कोणीतरी असंच कार्ड ऑनलाइन विकायला काढलं होतं, चार आकडी डॉलरला. मी त्यांना तिथलाच "विकलेल्या वस्तू" हा पर्याय निवडायला लावला. यादी बदलली. आकडे दोन अंकी झाले. मागितलेली किंमत म्हणजे न विकल्या गेलेल्या वस्तूंचा नमुना, हे मी समजावायला लागले तर त्यांनी हात वर केला. "कळलं गं. चहा टाक."

परत जाण्याआधी त्यांनी वहीतला तो रकाना खोडला नाही, त्यात नवीन आकडा लिहिला. मामेबहिणीच्या फीसाठी आता ते दुसरी सोय बघतायत. अकरा कार्डं तिकडेच कपाटात आहेत. जॉर्डन माझ्याकडे ठेवून गेलेत. विभागात नवीन मुलं आली की मी त्यांना ते यंत्राखाली ठेवायला देते, आकडा वहीत लिहून घेते, आणि मग तराजू पुढे सरकवते.