सरमिसळ आणि मांडणी

मुंबई बहुसांस्कृतिक आहे, हे विधान इतके सवयीचे झाले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. किती भाषा, किती धर्म, किती तऱ्हेचे खाणे, अशी यादी दिली की वर्णन पुरे होते. पण वेगवेगळी माणसे एकमेकांना कशासाठी लागतात, हे यादीतून कळत नाही. ते मुंबईविषयीच्या मराठी साहित्यातून कळते.

गिरणगावात कोकणातला, घाटावरचा, तेलंगणातला पद्मशाली आणि उत्तर प्रदेशातला मोमीन विणकर एकाच भोंग्यावर कामाला जात. ही सरमिसळ कोणा उदारमनस्काने घडवलेली नव्हती, ती कामाच्या गरजेतून झाली. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढवलेल्या नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’मध्ये (१९६६) परका माणूस नमुना म्हणून येत नाही, सोबती म्हणून येतो. अरुण कोलटकरांनी ‘मै भाभीको बोला’सारख्या कवितेत बंबइया हिंदीलाच कवितेची भाषा केले. सरमिसळ इथे विषय राहत नाही, ती शब्दांत उतरते.

मात्र या काळाकडे हळवेपणाने पाहता येणार नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विणखात्यात दलितांना प्रवेश नव्हता. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. राहत्या खोल्याही बहुधा गावावारी आणि जातवारी भरत. एकत्र कामाला जाणारे हात एका धाग्यापाशी वेगळे होत. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला (१९७२) प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांना अनेक शब्दांचे अर्थ विचारावे लागले, यातही तेच दिसते. एकाच शहरातल्या दोन मराठी माणसांमध्ये केवढे अंतर होते! सुर्व्यांचा बंधुभाव आणि ढसाळांचा संताप ही एकाच हिशेबवहीची दोन पाने आहेत. आपल्या समीक्षेने मात्र ‘कामगार साहित्य’ आणि ‘दलित साहित्य’ असे दोन कप्पे करून ती कायम वेगवेगळी वाचली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो मोडला, गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी ठेवला होता. २००१मधील बदलाने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती उरली. फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला. जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक आणि ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा कथासंग्रह या पडझडीचे साक्षीदार आहेत. या शीर्षकातला पक्षी बदलला आहे, याकडे लक्ष द्यायला हवे. पुराणकथेत जळलेला फिनिक्सच पुन्हा उठतो. इथे राख एकाची आणि पिसारा दुसऱ्याचा.

जागतिकीकरणाने विविधता नष्ट केली, अशी तक्रार नेहमी होते. मला ती अपुरी वाटते. विविधता वाढली, पण सरमिसळीची जागा मांडणीने घेतली. मॉलमध्ये जपानी, इटालियन, लेबनानी पदार्थ शेजारी शेजारी मिळतात. ते रांधणाऱ्याची आणि दारावरच्या रखवालदाराची भाषा मात्र गिऱ्हाइकाच्या कानी पडत नाही. जगभरचे पदार्थ चाखणाऱ्या याच शहरात, काय खातो आणि कोणत्या धर्माचा आहे हे विचारून माणसाला घर नाकारले जाते. भिन्नता ताटात चालते, जिन्यावर चालत नाही.

मराठीचा प्रश्न इथेच येतो. गिरणीत, खानावळीत, युनियनच्या सभेत इतरांच्या कानावर मराठी पडे ती रोजच्या व्यवहारातून. तो व्यवहार तुटल्यावर केवळ पाट्यांवरच्या अक्षरांनी भाषा शहराची राहत नाही. म्हणून मुंबईवरच्या नव्या कादंबरीला एक साधा प्रश्न विचारावा: घरपोच डबा आणून देणारा बिहारी किंवा ओडिया मुलगा तिच्यात फक्त बेल वाजवून जातो, की त्याला नाव, घर आणि बोलणे आहे? शहर खरोखर किती बहुसांस्कृतिक आहे, ते या उत्तरावरून ठरेल.