आवाज कुणाचा आहे?

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी विचारलं, 'ऐकवणार काय काय?' ऐकवणार आहोतच, चार ध्वनिमुद्रणं आणली आहेत. पण आधी एक कबुली द्यायला हवी. आम्ही पाच-सहा जण गेली काही वर्षं महिन्यातून एकदा एकत्र बसून ऐकतो. नियम एकच. प्रत्येकानं आपल्या आवडीचं काहीतरी आणायचं आणि बाकीच्यांनी ते शेवटपर्यंत ऐकायचं. सुरुवातीला गाणी आली. मग जुनी गाणी आली, मग फार जुनी. मग हळूहळू चढाओढ लागली, की कोण जास्त विचित्र आणतो. 'अंगावर काटा आला' ही आमच्याकडची सगळ्यात मोठी दाद होऊन बसली.

हा काटा नेमका कशानं येतो? आवाजानं, की आवाज लावण्याआधी आपण जे सांगतो त्यानं? आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

पहिलं ध्वनिमुद्रण ऐका.

(ध्वनिमुद्रण : सुमारे दहा सेकंद)

हे ९ एप्रिल १८६० चं आहे. एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ साली, म्हणजे हे त्याच्या सतरा वर्षं आधीचं. पॅरिसच्या एदुआर-लेआँ स्कॉट द मार्तँव्हिल यांनी एक यंत्र केलं होतं. काजळी धरलेल्या कागदावर आवाजाची थरथर रेषेनं उमटावी, एवढंच त्याचं काम. ती रेष डोळ्यांनी पाहायची होती, परत ऐकण्याची कल्पनाच त्यात नव्हती. २००८ साली अमेरिकेतल्या अभ्यासकांनी संगणकाच्या मदतीनं त्या रेषेचा पुन्हा आवाज केला, आणि एका फ्रेंच लोकगीताची ओळ ऐकू आली. दूरवरून, धुक्यातून कुणी लहान मुलगी गात असावी तशी. जगभर ती ऐकली गेली. आम्हीही ऐकली आणि गप्प झालो. दीडशे वर्षांपूर्वीची ती मुलगी!

पुढच्या वर्षी कळलं, की मुलगी नव्हतीच. गाण्याच्या रेषेशेजारी वेळ मोजायला म्हणून ट्यूनिंग फोर्कची, म्हणजे शाळेतल्या नादकाट्याची, रेष काढलेली होती. त्याच्या कंपनांचा हिशेब चुकला होता आणि गाणं दुप्पट वेगानं वाजवलं गेलं होतं. वेग निम्मा केल्यावर एका पुरुषाचा, सावकाश, जपून गाणारा आवाज निघाला. बहुधा खुद्द स्कॉट यांचाच. आपलं यंत्र नीट चाललंय ना हे बघण्यासाठी माणूस जसा गाईल, तसा.

आम्ही दोन्ही रूपं मागोमाग ऐकली तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, 'आधीचंच बरं होतं.' खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. इथेच आम्हाला पहिल्यांदा ओशाळल्यासारखं झालं. कारण जे 'बरं होतं' ते कुणाचंच नव्हतं. ती मुलगी आकडेमोडीच्या चुकीतून जन्मली होती, आणि तिच्यासाठी आपण एका खऱ्या माणसाला बाजूला सारायला तयार झालो होतो. म्हणून म्हणतो, काटा येणं हा पुरावा नव्हे. काटा चुकीच्या गोष्टीवरही तितकाच येतो.

मग गोष्ट सांगूच नये का? नुसता आवाज ऐकवावा? आम्ही तसंही करून पाहिलं, आणि तिथे दुसरं ध्वनिमुद्रण आडवं आलं.

(ध्वनिमुद्रण)

कुणीतरी पंजाबीत बोलतंय. आवाज शांत आहे, पाठ म्हटल्यासारखा. काहीही न सांगता आम्ही हे लावलं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. आता सांगतो. तारीख ११ डिसेंबर १९१६, ठिकाण बर्लिनजवळच्या व्ह्यून्सडॉर्फ इथली युद्धकैद्यांची छावणी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूनं लढताना पकडले गेलेले हिंदी शिपाई तिथे होते. जर्मन भाषाशास्त्रज्ञ आणि संगीताचे अभ्यासक भोंगा घेऊन तिथे पोचले, कारण जगभरच्या भाषांचे नमुने एकाच कुंपणात सापडत होते. बोलणाऱ्याचं नाव मल सिंग. तो सांगतो, की एक माणूस होता. हिंदुस्थानात तो लोणी खायचा, दूध प्यायचा. मग तो इंग्रजांच्या नोकरीत गेला, युरोपच्या लढाईत आला, जर्मनांच्या हाती लागला. आता त्याला घरी जायचंय, पूर्वीसारखं खायचंय. सगळं 'तो', 'तो' असं. 'मी' कुठेच नाही.

हे कळल्यावर पुन्हा लावलं, तर आवाज तोच, पण ऐकणारे बदलले होते. एका कैद्याला भोंग्यासमोर उभं करून भाषेचा नमुना मागितला, आणि त्यानं नमुन्याच्या नावाखाली आपली हकिगत देऊन टाकली. 'मी' म्हणणं त्याला जड गेलं असेल, किंवा धोक्याचं वाटलं असेल. या आवाजाला गोष्ट हवीच. फरक एवढाच, की स्कॉटच्या बाबतीत गोष्टीनं माणूस झाकला आणि इथे गोष्टीनं माणूस दाखवला. एक गोष्ट आपल्याला हवी होती म्हणून तयार झाली. दुसरी दप्तरात तारीख, ठिकाण आणि नाव टिकलं म्हणून आपल्यापर्यंत पोचली.

तिसरं ध्वनिमुद्रण तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. नोव्हेंबर १९०२. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि हॉटेलच्या खोलीत त्यांनी ध्वनिमुद्रणाचा संसार मांडला. गौहर जान आल्या. विजेचा मायक्रोफोन यायला अजून वीसेक वर्षं होती. भोंग्यात तोंड घालून, उंच आवाजात, जेमतेम तीन मिनिटांत गाणं बसवायचं. मैफलीत तासभर फुलणारी चीज तीन मिनिटांत कशी उभी करायची, याचा धडाच या बाईंनी घालून दिला.

(ध्वनिमुद्रण)

शेवट ऐकलात? गाणं संपतं आणि त्या इंग्रजीत आपलं नाव सांगतात. याचं कारण साधं सांगितलं जातं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, आणि तिथल्या कामगारांना कुठला आवाज कुणाचा हे कळायला हवं होतं. ऐकायला ते ठसक्याचं वाटतं, काही जण हसतातही. आमच्या मते या तबकडीवरची ती सगळ्यात शहाणपणाची गोष्ट आहे. लेबल निघून जाईल, पाकीट फाटेल, मालक बदलेल, पण नाव आवाजातच कोरलेलं राहील. आज जेव्हा ही ध्वनिमुद्रणं 'साफ' करून मोबाइलवर फिरतात, तेव्हा अनेकदा शेवटचं नावच कापलेलं असतं. खरखर काढता काढता बाईच काढून टाकली!

चौथं आपल्या घरचं. केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरीच्या, जन्म १८९२, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आपल्या 'सूरश्री'. १९७७ साली निघालेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यावर संगीताचे २७ तुकडे आणि ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठीही आहे. त्या सत्तावीसमध्ये केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. व्हॉयेजर-१ सुटलं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. मध्ये अकरा दिवस.

ही माहिती दर काही महिन्यांनी आपल्या सगळ्यांच्या फोनवर येते. आपण अभिमानानं पुढे पाठवतो. आमचा आक्षेप अभिमानाला नाही. पण विचारून बघा, गाणं किती जणांनी ऐकलं? साडेतीन मिनिटं आहेत फक्त. इथे नाव आहे, तारीख आहे, गोष्टही खरी आहे, आणि तरी गोष्टच गाणं खाऊन टाकते. ऐका आता.

(ध्वनिमुद्रण)

एकट्या निघालेल्या मुलीला 'कुठे चाललीस?' असं विचारणारी ही चीज. आवाज खुला, आकार भरदार, तानेतही प्रत्येक स्वराला वजन. वेळ थोडा असूनही कुठे घाई नाही. हे अंतराळात गेलं नसतं तरी एवढंच मोठं होतं.

आता आमच्या स्वतःच्या चुकीकडे येतो. आमच्यातल्या एकाच्या आजीनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या, घरच्या टेपवर. आवाज थकलेला, मागे जात्याची घरघर. बैठकीत आम्ही ऐकल्या, आणि राहवेना म्हणून आम्हीच त्याची एक मिनिटाची फीत ओळखीच्यांना पाठवली. वर लिहिलं, 'नक्की ऐका, अंगावर काटा येईल'. नाव लिहायचं राहिलं. वर्षभरानं ती फीत फिरत फिरत त्या मित्राच्याच फोनवर आली. आजी आता 'अज्ञात आदिवासी स्त्री' झाली होती आणि ओव्या 'मृत्यूगीत' झाल्या होत्या. त्या ओव्या तिच्या भावाबद्दलच्या होत्या, भाऊ दिवाळीला येणार म्हणून म्हटलेल्या. मित्र रागावला नाही. एवढंच म्हणाला, 'तिचं नाव गंगूबाई होतं. लिहायला किती वेळ लागला असता?'

याउलट काम आपल्याच राज्यात झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर येतात तेव्हा म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव सोबत असतं. त्यामुळे ओवीतलं गूढ कमी होतं का? आम्हाला तर उलटा अनुभव आहे. अमुक गावच्या अमुक बाईंनी हे म्हटलं, हे कळल्यावर शब्द जास्त लागतात.

म्हणून आम्ही बैठकीचा नियम वाढवला आहे. ऐकवण्याआधी कोण, कुठे, केव्हा एवढं सांगायचं. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणायचं, रिकाम्या जागी भूत बसवायचं नाही. आणि बाकीचं सगळं बोलणं गाणं संपल्यावर. तुम्हीही करून बघा.

आता थांबतो. जाताना गौहर जान यांची तबकडी पुन्हा लावतोय. गाणं संपलं की लगेच उठू नका. त्या नाव सांगतात, तेवढं ऐकून मग उठू या.