झीज कुठे आहे, ते पाहा

रे रोड स्टेशनातून पूर्वेला उतरलं की दारुखाना, लकडी बंदर ही नावं भेटतात. जहाजं तोडण्याचा धंदा इथलाच, लाकडाच्या वखारीही इथल्याच. आज आम्हाला बोलायचं आहे ते लाकडाच्या वयाबद्दल, खरं म्हणजे त्याच्या खोट्या वयाबद्दल.

परळकडच्या जुन्या गिरण्यांच्या आवारात आता कॅफे आहेत. तिथली टेबलं पन्नास वर्षं वापरलेली वाटतात, पण पुष्कळदा लाकूड नवंकोरं असतं. कृती सोपी आहे. तारेच्या ब्रशनं घासलं की मऊ भाग निघतो आणि कठीण रेषा वर येतात. साखळीनं ठोकून पोचे पाडायचे, टोच्यानं किडीची भोकं करायची. मग कडक चहाचा हात द्यायचा आणि त्यावर लोखंडी तारेचा कीस भिजवलेलं व्हिनेगर. चहातलं टॅनिन आणि लोह एकत्र आले की पाइन काळसर करडं पडतं. ऊन लाकडातलं लिग्निन मोडतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि करडे तंतू उरतात. या कामाला निसर्गाला बराच काळ लागतो, इथे एक दुपार पुरते.

ही फसवणूक आहे का? एका पदार्थाला दुसऱ्याचा रंग देणं रस्किननं 1849 मध्ये खोटेपणाच ठरवलं होतं. आम्ही इतके कडक नाही. वाड्यातल्या खांबाचा कुजलेला भाग बदलताना नव्या सागाचा रंग थोडा उतरवला, तर तो शेजारधर्म झाला. 1964 च्या व्हेनिस सनदेत हेच आहे: नवा तुकडा एकूण वास्तूत मिसळावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखूही यावा.

आमची तक्रार दुसरी आहे. चाळीतला लाकडी जिना आठवा. पायरी मधोमध खोलगट असते, कारण पाय तिथेच पडतो. कठडा वरून गुळगुळीत आणि खालून खरखरीत, कारण हात वरून फिरतो. तिथल्या प्रत्येक झिजेला कारण आहे. या टेबलाच्या पायाला मात्र आतल्या बाजूनंही साखळीचे घाव आहेत! तिथे कोण कसं आपटणार? भोकं सगळी सारख्या खोलीची. नुसती कारागिरी म्हणून पाहिलं तरी हे काम कच्चं आहे.

आणि हे कुठे चाललंय? जिथे 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि हजारो कामगारांचं काम कायमचं गेलं, त्या गिरणगावात. टेबल सांगतं, इथे हात राबले. ते हात कुणाचे, हे सांगणारं तिथे काही नाही. उलट चाळ पडते तेव्हा तिचा साग विकला जातो, त्यावर रंधा फिरतो आणि माणसांनी केलेली झीज भुशात जाते. खऱ्याची झीज उतरवायची आणि नव्यावर चढवायची, असा हा उलटा व्यवहार आहे.

म्हणून एक विनंती. तुमची चाळ पुनर्विकासाला गेली, तर एक पायरी, कठड्याचा एक हात रंधा न मारता मागून घ्या आणि नव्या इमारतीच्या प्रवेशाशी लावा. आणि कॅफेत बसलात, की टेबलाखालून एकदा हात फिरवा.